चौदा अंशांचा उतार

रात्रभर यंत्र चाललं.
थरावर थर, केसाएवढा एकेक,
आणि पहाटे माझ्या टेबलावर होता
गुलिझारचा डावा गुडघा,
पांढरा, कोमट,
न दुखणारा.

ती रिझेच्या वरच्या गावातून आली, मिनीबसने.
एकसष्ट वर्षांची. त्यांतली बेचाळीस चहाच्या उतारावर,
पाठीवर ओल्या पानांचं गाठोडं.
मुलाने हात पुढे केला तो तिने पाहिलाच नाही.
खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "दाखव."

हे मांडीचं हाड, मी म्हटलं.
खाली त्याला दोन गोल टाचा,
आतली मोठी, बाहेरची आखूड.
म्हणून पाय सरळ होता होता
अगदी शेवटी नडगी किंचित बाहेर वळते
आणि घट्ट बसते,
बरणीचं झाकण पिळून बसवावं तशी.
म्हणून तुला उभं राहता येतं तासन्‌तास
स्नायूंना फारसं न विचारता.

"तासन्‌तास," ती म्हणाली. "हो."

आणि हे नडगीचं माथं.
आत बशीसारखं खोलगट, बाहेर जरा फुगीर.
आतली टाच जागच्या जागी घोळते,
बाहेरची मागे-पुढे घसरत राहते.
दाराची बिजागरी नव्हे ही.
आता मागच्या बाजूला बघ, हा उतार:
बहुतेकांचा सात-आठ अंश.
तुझा चौदा.
पाऊल टेकलंस की वरचं हाड मागे ओघळू बघतं,
नडगी पुढे सटकू बघते,
आणि मधली एक दोरी, करंगळीएवढी,
दर पावलाला नाही म्हणते.

तिने गुडघा हातात घेतला.
बोटांच्या भेगांत चहाचा काळा राप.
खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा मिटून.
"हा तर आमचा वरचा मळा!
इथून आम्ही पोती तारेवर सोडतो.
आणि इथे,"
नखाने कड दाखवत,
"इथे माझा दीर घसरला होता, लग्नाच्या बुटांत."
मुलगा हसला. ती नाही.

मग चाचणी.
तीन पायऱ्या, खाली वजन मोजणाऱ्या पट्ट्या,
पडद्यावर हिरवी रेघ.
पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या तिप्पट-साडेतीनपट भार येतो,
आणि तिचे पाय कमानीसारखे बाहेर वाकलेले,
म्हणजे आतल्या बाजूच्या वाट्याला जास्तच.
आतल्या बाजूची रेघ किती चढेल
ते मी आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं.
तेवढी चढली नाही.

पुन्हा उतरवलं. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा मी पडदा सोडून पाय पाहिला:
डावं पाऊल पडताना
चवडा बाहेर वळत होता, दोन बोटं,
आणि भार आतल्या बशीवरून
थोडा पलीकडे सरकत होता.
"हे कुणी शिकवलं?"
"काय?"
तिने स्वतःच्या पावलाकडे पाहिलं,
शेजाऱ्याचं पोर पाहावं तसं.
"दुखायचं," ती म्हणाली. "मग कमी दुखायला लागलं.
मला काय माहीत."

अक्कल गुडघ्यात आहे, असं हिणवतो आपण कुणाला.
मी लिहिलेला आकडा खोडला.

जाताना तिने विचारलं,
"हे डोंगराने केलं का?
की मी अशीच जन्मले, आणि डोंगर नंतर आला?"
मी म्हटलं, कुणालाच नीट सांगता येत नाही.
हाड लहानपणी ओझं ऐकतं
आणि मोठेपणी ओझं हाडाचं ऐकतं,
पण कुठून कुठवर, ते माहीत नाही.

"माझी बहीण बुर्साला शिवणकाम करते.
सपाट गाव. दिवसभर बसून.
तिचाही छाप."

प्लॅस्टिकचा गुडघा तिने रुमालात बांधला,
पिशवीत मक्याच्या भाकरीशेजारी ठेवला.
लिफ्टपाशी थांबली नाही.
जिन्यावरून तिची पावलं ऐकू येत राहिली,
एक जड, एक तिरपं,
एक जड,

मे महिन्यातली गोष्ट ही.
बहीण अजून आलेली नाही.
टेबलावर थोडी जागा
मी मोकळी ठेवली आहे.