सोमवारची वाळू

मंगळवारी पहिल्या पाळीला बूट झटकले
तर चमचाभर वाळू पडली,
भट्टीच्या काळ्या वाळूवर पांढरट,
करपलेल्या भातावर मीठ सांडावं तशी.
निवास म्हणाला, उचल ती, जॉबला भोकं पडतील.
दस्तगीरमामा काहीच बोलले नाहीत.
अंगठ्यानं हळूच बाजूला ओढली त्यांनी ती,
भिंतीकडं.

एकतीस वर्षं हा माणूस वाळूत.
मूठ आवळायची, उघडायची,
गोळ्यावरचे बोटांचे ठसे बघायचे,
मग मधोमध मोडायचा:
"पाणी जास्त झालंय."
लॅबमधल्या संग्रामचं मीटर
पाच मिनिटांनी तेच सांगायचं.
आणि समुद्र? कधी बघितला नव्हता.
"वाळूच येती की घाट चढून माझ्याकडं.
मी कशाला जाऊ खाली?"

सोमवारी शिरोलीचे भोंगे बंद.
पहाटे तीनला रंकाळ्यावर चहा,
दोन मोटारसायकली, चौघं, भडंगाची पिशवी,
मामांच्या डब्यात भाकरी आणि खर्डा.
गगनबावड्याला धुकं इतकं
की निवासच्या गाडीचा लाल दिवा हाच रस्ता.
करूळचा घाट उतरताना कान गच्च झाले,
मग एकदम मोकळे,
आणि अंगातला स्वेटर नकोसा.
वैभववाडीच्या अलीकडं समोरून ट्रक आला,
ताडपत्रीच्या कडेनं वाळू सांडत.
मामांनी मान वळवून नंबर वाचला.
"आपलाच."

गाड्या आंब्याखाली लावल्या, तिथून पायी.
कातळाचा सडा, सावली म्हणून नाही,
करवंदीची जाळी तेवढी अधूनमधून,
आणि बुटाखाली जांभा,
विझल्या भट्टीसारखा, आतून अजून गरम.
तासाभरानं कालवांची पाटी घेतलेली बाई भेटली.
"खंय चाललास?"
खाली, म्हटलं, पुळणीवर.
"थंय वाट नाय. नुसतो उतार."
जरा पुढं जाऊन वळली ती,
ओरडली, "भरतीच्या आधी वर येवा!"

उतार होता. केवड्यानं हात ओरबाडले,
संग्रामची चप्पल तुटली, त्यानं ती खिशात घातली.
आणि मग एकदम झाडी सरली,
जशी कुणी पेटीचं झाकण उचलावं.

कुणी नव्हतं.
दोन्ही बाजूंना काळे कडे, मध्ये गोठाभर पुळण,
एक आडवा माड,
आणि ते सगळं पाणी.

निवास धावला, आम्ही धावलो.
मामा तिथंच बसले. मूठभर वाळू घेतली,
आवळली, उघडली.
ठसा उठला नाही. बोटांतून गेली सगळी.
पुन्हा घेतली. पुन्हा गेली.
"काय घालायचं हिला?" म्हणाले, "बांधतच न्हाई."

मग ओल्या पट्ट्यावर गेले.
तिथं बारक्या खेकड्यांनी गोळ्या वळून
भोवती नक्षी मांडली होती, हजारोंनी.
मामा उकिडवे. बराच वेळ.
"बघा लगा, पीसरेटवर चाललंय सगळं."

डब्याचं झाकण धुतलं, पालथं ठेवलं,
वाळू चाळून टाकली, मुठीनं ठोकली,
कडा पाण्याच्या बोटानं ओली केली,
आणि श्वास धरून उचललं.
काय साचा आला सांगू.
झाकणावरचं कंपनीचं नावसुद्धा उलटं वाचता येत होतं.
आम्ही चौघं भोवती उभे,
ओतकामाच्या वेळी राहतो तसे, गुमान.

लाट आली.
तोंडापर्यंत भरला साचा, गच्च,
क्षणभर चकाकला,
आणि बसला.

"स्क्रॅप," मामा म्हणाले,
आणि असे हसले की आम्हाला भीतीच वाटली.
दुसरा ठोकला. तिसरा. अकरा ठोकले.
भाकरी खायची राहिली,
शेवटी कडा चढताना खाल्ली, पाणी मागं लागलेलं,
खर्ड्यानं तोंड पोळत.

रात्री अकराला रंकाळा. कुणी चहा घेतला नाही.

आज दुपारी लॅडल तिरकी झाली,
लाल धार साच्यात उतरत होती,
सगळ्यांचे चष्मे तापलेले,
अशा वेळी कुणी बोलत नाही.
मामा बोलले, धारेवरची नजर न हलवता:
"आत्ता तिकडं भरती असंल का रे,
का ओहोटी?"