वीस सेंटिमीटर

कुनोविट्सेत, तिसऱ्या मजल्यावर,
बाबांनी शिवणाच्या टेबलाचं विमान केलंय.
मशीन आईचं होतं. ते आता पलंगाखाली.
टेबलाच्या कडेला क्लॅम्प आवळून डावीकडे थ्रॉटल,
उजवीकडे रिकामी जागा;
तिथे काय बसवायचं
यावर आमचे तीन रविवार गेले.

पहिली स्टिक स्वस्तातली, मुठीत खुळखुळ्यासारखी.
त्यांनी ती कानाशी धरून फिरवली.
"आत घासतंय. वर्षभरात मधला बिंदू सरकेल."
एकोणचाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस,
विमानांची बुशिंगं केली,
विमानात कधी बसला नाही.
दुसरी चुंबकवाली, आत कशाला काही टेकत नाही,
ती ठेवली.
तिसरीची किंमत मी सांगितली तेव्हा
त्यांनी खिडकीतून माझ्या गाडीकडे पाहिलं.
"एवढ्यात चार टायर येतात, रादका.
बर्फातले."

पेडल फरशीवर घसरत होती.
डावं रडर दाबलं की पेडल रेडिएटरकडे
आणि खुर्ची दाराकडे.
मग खाली गालिच्याचा तुकडा, पुढे फळी, फळीला भिंत.
खुर्चीची चाकं काढून त्यांनी
आईच्या बटणांच्या डब्यात टाकली.

हाताबद्दल कुणी काही बोललं नाही.

उजवा हात. दोन वर्षं झाली,
कॉफीच्या बशीला तो आधी कळतो.
स्क्रीनवरच्या चौकटीत
एक बारीक फुली थरथरत होती,
स्टिक सोडली की गप्प, धरली की पुन्हा.
ते चष्मा पुसायला उठले तेवढ्यात
मी सेटिंग उघडलं.
डेडझोन: शून्याचे चार, चाराचे नऊ.
म्हणजे मध्याभोवती एवढी जागा अशी
की तिथे हात काहीही म्हणो,
विमान ऐकत नाही.
फुली थांबली.
मला वाटलं, झालं. एका आकड्यात झालं.

त्या संध्याकाळी ते तीनदा पडले.
समोर शत्रू, दोनशे मीटर, पंखावरचे डागसुद्धा दिसतायत,
नाक फक्त केसभर वळवायचं,
आणि केसभरच तर मी बंद करून ठेवलेलं.
ते वळवत, वळवत,
आणि एकदम उसळी. गोळ्या ढगात.

"तू याला बहिरं केलंस,"
स्क्रीनवरून नजर न काढता ते म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
पॅराशूट जवसाच्या शेतात उतरत असताना:
"थरथर माझी आहे. ऐकू दे त्याला."

मी नवाचं शून्य केलं.

मंगळवारी ते व्लास्तिमिलच्या शेडमधून आले
बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ॲल्युमिनियमची नळी घेऊन.
लांबी वीस सेंटिमीटर, दोन्ही टोकांना आटे,
कडा अशा मोडलेल्या की बोटाला लागू नयेत.
आणि एक जाड स्प्रिंग,
कुठल्या यंत्राची ते सांगितलं नाही.
औषधांच्या बिलामागे त्यांनी त्रिकोण काढला,
मी पहिल्या दिवशीची शिकाऊ असल्यासारखा:
"दांडा लांब केला की हात तेवढाच हलतो,
पण कोन किती होतो बघ. दिसला?
आता मनगट मांडीवर टेकव. इथे. हं."

दिसला.
आता स्टिक टेबलावर नाही, दोन गुडघ्यांच्या मधून येते,
फळीला चार बोल्टांनी पक्की.
फुली अजून हलते,
पाण्यावर बसलेल्या किड्याएवढी.
ते तिच्यासकट नेम धरतात.
शुक्रवारी ऑस्ट्रावाच्या कुणा पोराचा
एक पंख काढला, आणि दीड मिनिटात
त्याच्या जोडीदारानं यांना खाली आणलं.
"मागे बघायचं राहिलं," एवढंच म्हणाले, खुशीत.

पॅन्ट गुडघ्याशी विरलीय नळी घासून.
तसंही टेबल उजवीकडून मोकळंच झालं होतं.
मशीन त्यांनी पलंगाखालून स्वतः ओढलं,
स्वतः उचललं, तेल सोडलं,
कापड पायाखाली सरळ लावलं
आणि सुई माझ्याकडे धरून थांबले,
दोरा ओवून दे म्हणून.