शेरा

सायबर चौकातल्या भाड्याच्या खोलीत
अकरा वर्षांची रजिस्टरं आहेत माझ्याकडे,
खताच्या पोत्यातून आलेली,
पानांना ग्रीसचा वास, कडेला अंगठे.
चाळीस पवनचक्क्या, पठारावरच्या.
कुठली कधी थांबली, कशानं, किती तास,
एवढंच मला हवं होतं.

बेअरिंग वीस वर्षं चालेल असं कंपनी लिहून देते.
टी-सतराचं सहाव्या वर्षी गेलं.
उद्यमनगरात वायरकटवर ते उभं चिरून घेतलं.
"एवढं चांगलं लोखंड कापायला लावताय व्हय मॅडम?"
ॲसिड लावल्यावर भिंगाखाली दिसल्या
पांढऱ्या भेगा, केसाहून बारीक,
वरची कातडी मात्र आरशासारखी.
त्या का पडतात यावर तीन मतं आहेत.
चौथं माझं होणार होतं.

रजिस्टरातला शेवटचा रकाना: शेरा.
सर म्हणाले, तो सोडा, मोजता येत नाही.
सोडला. म्हणजे टाइप केला नाही,
वाचला.
अक्षर एकाच माणसाचं, दस्तगीर मुल्लाणी,
निळी शाई, र ला लांब शेपूट.

"वारं लई. वर गेलो न्हाई."
"वर गेलो. खाली समद्या गावाचं पत्रं दिसत्यात."
"तेल बदललं. जुनं तेल चहाच्या चोथ्यावानी."
"बोल्ट आवळलं. थोरलीला नोकरी लागली."
"टी-१७ दळण टाकल्यागत वाजतोय. साहेबांना सांगितलं."
"टी-१७ कण्हतीया. साहेबांना सांगितलं."
"सांगितलं."

माझं गणित ज्या तारखेला पहिला इशारा देतं
ती यानंतर सात आठवड्यांनी येते.
हे सात आठवडे कुठल्या तक्त्यात घालू?

आमच्या शास्त्रात एक सोय आहे.
अभ्यास संपेपर्यंत जी चक्की बिघडली नाही
तिच्यापुढं आम्ही अधिकचं चिन्ह काढतो.
अर्थ एवढाच, की शेवटचं पाहिलं तेव्हा चालू होती.
पुढचं माहीत नाही, म्हणून
तिला गेलेली धरायचं नाही.
अमरही धरायचं नाही.

नवव्या वर्षी, बारा ऑगस्टला, अक्षर बदलतं.
काळी शाई. शेऱ्यात नुसतं ओके, ओके, ओके.
ऑफिसात फोन केला.
"ठेकेदार बदलला की तवा," पोरगं म्हणालं,
"जुनी माणसं कुठं गेली काय म्हाईत."
मागं कुणीतरी हसत होतं, त्याच्यावर नाही,
दुसऱ्याच कशावर तरी.

गोकुळ शिरगावच्या बाजूनं
कुठल्यातरी फौंड्रीचा बाराचा भोंगा येतो.
तक्ता भरून झालाय. चाळीस ओळी.
खाली एक मोकळी ओळ उरलीय,
सॉफ्टवेअर विचारतंय, वगळू?

मी लिहिते: द. मुल्लाणी. आठ वर्षं, सात महिने.
आणि पुढं +

फाइल सरांना सकाळी दहाला पाठवायची आहे.
दहापर्यंत असू दे.