चामोटं

मुहर्रकच्या आमच्या दुकानात वस्तरा म्हणजे नुसती मूठ.
धार वेगळी येते, कागदात गुंडाळून, पाकिटातून.
पातं मधोमध मोडायचं, अर्धं बसवायचं,
गिऱ्हाईक उठलं की पिवळ्या डब्यात.
बलदियाचा माणूस येऊन डबा हलवून बघतो.
नियम चांगलाच आहे. माझं काही म्हणणं नाही.

बाबांचा वस्तरा मात्र धोपटीत, खिळ्याला,
अकरा वर्षं. शिंगाची मूठ,
पोलादाचं पोट आत गेलेलं
आजोबांच्या निसण्यावर झिजून झिजून.
निघताना त्यांनीच हातात दिला होता:
"तिकडं दाढ्या दाट असतात म्हणे."

एकदा सुट्टीला म्युझियममध्ये गेलो, एसीसाठी.
काचेआड तांब्याचं एक पातं, हिरवं पडलेलं,
तळहातात मावेल एवढं.
पाटी वाचायची गरज पडली नाही;
अंगठा कुठे ठेवायचा ते हाताला कळलं.
त्याच्याआधी शिंपले असतील, गारगोट्या असतील,
कुणीतरी कुणाचीतरी हनुवटी वर केली असेल
आणि म्हटलं असेल, हलू नको.

मग फोन आला. बाबांची उजवी बाजू गेलेली,
डोळे आधीच अधू.
"शेजारचा पोरगा प्लास्टिकच्यानं खरवडतो मला.
माझा घेऊन ये."

मोठी बॅग लोकांच्या सामानाने भरलेली:
खजूर, दूधपावडरीचे डबे, कुणाच्या तरी सुनेचा मिक्सर.
धोपटी काखेत मारली.
इतकी वर्षं हाच धंदा, आणि डोक्यातच आलं नाही.

पट्टा थांबला. पलीकडे शहदाद.
दर गुरुवारी रात्री माझ्या खुर्चीत झोपणारा,
घोरणारासुद्धा,
मी त्याच्या कंठमण्याभोवती पातं फिरवत असताना.
त्याने वस्तरा उघडला. मिटला. पुन्हा उघडला.
"खालच्या सामानात चालला असता."
काउंटर तर कधीच बंद झालेलं.
ट्रेमध्ये एकेक मांडत गेला:
वाटी चालेल. तुरटी चालेल. ब्रश, स्टीलचा कंगवा.
गुलाबी प्लास्टिकची, दोन पात्यांची दांडी, तीही चालेल.
चामोटं हुंगून बघितलं. चालेल.
हा नाही.
बिनपाण्याने हजामत म्हणतात ती हीच.
"तू ओळखतोस मला," मी म्हणालो.
"म्हणून तर दोनदा विचारतोय," तो म्हणाला,
"आणखी काही नाही ना?"

घरी बाबांना दाराशी उजेडात बसवलं.
चामोटं कडीला अडकवून ताणलं
आणि कंगव्याची पाठ ओढली त्याच्यावर,
खाली, वर, खाली, वर,
त्यांच्याच तालात, पंधरा वेळा.
त्यांची मान आपोआप वर झाली.
गुलाबी दांडी मी पाण्यात लपवून धुवत होतो
आंधळ्यापासून.

झाल्यावर डाव्या हाताने गाल चाचपत म्हणाले,
"धार टिकलीये."
मग बऱ्याच वेळाने,
"पाणी कढत घ्यायचं, किती वेळा सांगितलं."

परत आलो. गुरुवारी शहदाद आला.
वडील कसे, विचारलं. बरे आहेत, म्हटलं.
वस्तऱ्याचं त्याने काढलं नाही, मीही नाही.
खुर्ची मागे कलली. कागद सोडवला,
पातं मोडलं. कट् आवाज झाला.
तो अजून जागाच होता,
छताकडे बघत.
"झोप," मी म्हणालो.