ऊट आतेन्री?

नळी काढली तेव्हा वाटलं, आता जेवशील.
सिस्टर महानंदा म्हणाली, थांबा.
आधी चमचाभर दाट केलेलं पाणी,
मग त्यांना 'आ' म्हणायला लावा
आणि ऐका, आवाज ओला येतो का.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कल्लाप्पा,
तुझा आवाज इतका कान देऊन
मी कधी ऐकला नव्हता.

उद्यमबागेत वितळलेलं लोखंड
साच्यात ओतणारे हात,
वाटी धरताना थरथरतात.
मांडीचं मांस कुठं गेलं विचारलं
तर डॉक्टर म्हणाले, एकोणीस दिवस
शरीरानं स्वतःलाच खाल्लं.

म्हणून ही वही. दर दोन तासांनी.
पेज, अर्धी वाटी. अंड्याचं पांढरं, एक.
नाचणीची आंबील चार चमचे, उरलेली ओतली.
एकदम जास्त नको, असंही बजावलंय,
उपाशी देहाला भरलं ताट झेपत नाही.
तुझ्या भावानं शहापुरातून आणलेला कुंदा
फडताळात तसाच आहे.

तू म्हणतोस, सगळ्याला लोखंडाची चव येते.
मी म्हटलं, मग तुझ्या ओळखीचीच की.
हसला नाहीस. तोंड फिरवलंस.
मी चमचा आपटला,
मग फरशी पुसली.

कुंपणापलीकडून बसव्वा रोज हाक देते,
ऊट आतेन्री?
गल्लीत सगळेच विचारतात जेवलात का,
उत्तराला कुणी थांबत नाही.
मीच थांबायचे,
हो म्हणू की काय म्हणू.

काल पहाटे स्वयंपाकघरात खडखड.
बघते तर तू भिंत धरून उभा,
बोटावर कारळ्याची चटणी.
"काय बघतीस?"
आणि ठसका.
मी जागची हलले नाही, मोजत राहिले,
बारा, तेरा.
थांबला.
"आ म्हण."
"आ."
कोरडा, खरखरीत, तिखट.

बसव्वाला आज तूच ओरडून सांगितलंस, आतव्वा!
मग माझ्याकडे वळून,
"आणि तुझं?"

वहीत तो रकानाच नव्हता.
रात्रीच्या भाकरीचा तुकडा
मी उभ्यानंच मोडला.
तू पाट सरकवलास,
पायानं.
वाकता अजून येत नाही.