रकाना

निदानाचा रकाना दोन बोटं रुंद.
रजिस्टर छापणाऱ्याला वाटलं असेल
एका माणसाला एक दुखणं पुरे.

अंबाजोगाईला, ओपीडी नंबर चौदा,
मी नावं लिहितो. आठ वर्षं झाली.

गुरुवारी आले मुंजाजी डोईफोडे, लाइनमन, घाटनांदूर.
सोबत बायको. तिच्या पिशवीत धपाटे
आणि कुणीतरी दिलेला अंगारा, पुडीत.

"रात्री उठून डीपीवर जातेत,
फ्यूज काढलाय का बघायला.
बघून येतेत. अंथरुणाला पाठ टेकली की पुन्हा चप्पल.
पाच खेपा, सात खेपा.
म्हणतेत, कुणीतरी चिकटंल."

मुंजाजींची मूठ उघडायची, मिटायची.
"अन्न गोड लागंना साहेब.
पोरगी शाळेत पहिली आली,
पेढा तोंडात धरला नुसता.
माती."

दारू?
"झोपंपुरती."
बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

मी लिहिलं: नैराश्य. रकाना तिथंच भरला.
मंत्रचळ त्याच्या पोटात, बारीक अक्षरात.
दारू समासात गेली.

"यातलं आधी काय सुरू झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

पहिल्यांदाच वर बघितलं त्यांनी.
"म्याडम, एका पोलवर तीन तारा असतेत.
वारं नसलं की आपापल्या जागी.
एकीला झोळ आला
की झुलत झुलत दुसरीला लागती, दुसरी तिसरीला.
ठिणगी पडली की गाव म्हणतं, लाइट गेली.
कोणती तार आधी हलली
ते खाली उभं राहून दिसत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
बाहेर कुणीतरी चौपन्न नंबर, चौपन्न नंबर ओरडत होतं.

दीड महिन्यानं आले. एकटे. दाढी केलेली,
हनुवटीवर कापल्याची खूण.

"कसं आहे?"
"सिंगल फेज आलाय."
"म्हणजे?"
"दिवा लागतो. मोटार उचलत नाही अजून."
"आणि डीपी?"
"दोनदाच."
मग जरा थांबून, "काल तीनदा."

शेऱ्याचा रकाना आठ वर्षं कोराच होता.
त्यात लिहिलं: दिवा लागतो.

साडेपाचला कपाटाला कुलूप घातलं.
ओढून बघितलं.
जिना उतरलो,
सायकलचं स्टँड काढलं,

परत वर गेलो.