तीन की आठ

दंड पाचशेचा.
भरून टाका हो बाबा, जावई म्हणाला,
फोनवर दोन बोटं फिरवली की मिटलं.

मिटलं असतं.
पण एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी आकडेच तपासत आलो.
नोटांचे ताव, तावांवरचे नंबर,
एका आकड्याचं शेपूट पुसट दिसलं
तरी ताव बाजूला.
आणि आता माझ्याच नावावर
चुकीचा आकडा चालू द्यायचा?

तारीख अकरा, सकाळी नऊ सतरा,
द्वारका, विनाहेल्मेट.
त्या दिवशी माझी स्कूटर अंगणात ताडपत्रीखाली,
आणि मी नव्या गुडघ्यानिशी
मोरीपर्यंत वॉकर ढकलत होतो.

चलनावरचा फोटो मोठा छापून आणला.
भिंग काढलं.
तिसरा आकडा मशीनने तीन वाचला होता.
तीन नव्हताच तो.
आठ होता, डाव्या अंगाला चिखल बसलेला.
इंग्रजीत हे असंच,
आठाची डावी कड झाकली की झाला तीन.
आपला ३ आपल्या ८ च्या वाटेला
जन्मात जाणार नाही.

सीबीएसला उतरून कोर्टात गेलो.
पहिल्या तारखेला मॅडम रजेवर.
दुसऱ्या तारखेला बोर्डावर नावच नाही.
झाडाखालच्या कोठुळे टायपिस्टने अर्ज केला,
‘अर्जदार सर्वस्वी निर्दोष असून’
असं आपल्या मनाने घातलं.
मी म्हटलं, निर्दोष काढा.
आकडा चुकलाय एवढंच लिहा.
तो म्हणाला, काका, तेवढ्याने पान भरत नाही.

दहाचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं.
आमच्या शेजारच्या प्रेसमधलं असणार,
चिकटवण्याआधी सवयीने
कडेची भोकं मोजून घेतली.

तिसऱ्या तारखेला पुकारा झाला,
आडके दत्तू रंभाजीऽऽ
मॅजिस्ट्रेट माझ्या पुतणीच्या वयाच्या.
फोटो पुढे केला. भिंगही.
शिपाई हसला, पण त्यांनी
खरंच भिंग लावून पाहिलं.
मागे कुणाचा तरी फोन वाजला, दाबला गेला.
‘बरोबर. आठच आहे.’
मग मान वर न करता,
‘ही गाडी कुणाची, काही माहिती?’

माहिती होती.
आठ घालून पुतण्याने नंबर शोधला होता,
नावातली निम्मी अक्षरं फुल्यांनी झाकलेली,
उरलेल्या अक्षरांनी आडनाव सांगितलं होतं.
चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती, चार घड्यांची.

पण भिंगाखाली आकड्याच्याही आधी
मला दुसरंच दिसलं होतं.
चालवणाऱ्याच्या मागे मुलगी, सातेक वर्षांची,
पाठीवर दप्तर,
डोक्यावर हेल्मेट, मोठ्या माणसाचं,
नाकापर्यंत उतरलेलं.
घरात हेल्मेट एकच असावं.

‘सांगता येणार नाही, मॅडम.’

एकतीस वर्षांत एकही ताव
मी डोळेझाक करून पुढे सरकवला नव्हता.
आवाज जरा बसला.
वयामुळे असेल, असं त्यांना वाटलं असावं,
शिपायाला म्हणाल्या, यांना पाणी द्या.

चलन रद्द.
तीन तारखांच्या रिक्षा, झेरॉक्स, टायपिंग,
तिकीट, चहा, मिळून सहाशे वीस.
जावयाला हा आकडा सांगितला नाही.

घरी आल्यावर ताडपत्री दूर केली,
ओल्या फडक्याने नंबरप्लेट पुसली,
तीनच्या डावीकडे नख फिरवून पाहिलं.
मोकळं आहे.

शर्ट काढून टाकला तर आतून बायको,
धुवायचाय ना हा? खिसे बघितले का?
बघितले, म्हटलं.